बाबांच्या रिपोर्टमध्ये एम बँड आलाय, पाय बधिर होतात ते त्यामुळेच का?

पत्र:

ताई, माझे बाबा 72 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून तळपाय बधिर झालेत, म्हणतात गादीवर चालल्यासारखं वाटतं. अंधारात तोल जातो, हात पण थोडे थरथरतात. शुगर कधीच नव्हती, बी12 नॉर्मल आलं. आधी सगळे म्हणाले वय झालं, असं होणारच. आता नवीन न्यूरॉलॉजिस्टनी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस करायला लावली तर त्यात एम बँड 0.6 ग्रॅम आणि आयजीएम कप्पा असं आलंय. नर्व्हच्या टेस्टमध्ये डिमायलिनेटिंग न्यूरोपथी लिहिलंय. हिमॅटॉलॉजिस्टची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. भावाने नेटवर मायलोमा वाचलं तेव्हापासून घरात नुसती रडारड, तो म्हणतो थांबायचं नाही, लगेच केमो सुरू करा. आणि बाबांनी स्वतःच्या मनाने प्रोटीन खाणं बंद केलंय, कारण रिपोर्टमध्ये प्रोटीन जास्त आलंय म्हणे. हा कॅन्सर आहे का? पाय पहिल्यासारखे होतील का? या तीन आठवड्यांत आम्ही काय करायचं?
– एक मुलगी

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी बाबांना नीट जेवायला लाव. बाकीचं सगळं मी खाली लिहिते आहे, पण हे आजच कर. रिपोर्टमधलं प्रोटीन आणि ताटातलं प्रोटीन यांचा काही म्हणजे काही संबंध नाही. हे प्रोटीन त्यांच्याच शरीरात तयार झालेलं आहे, जेवण निम्मं केलं तरी ते कणभरही कमी होणार नाही. कमी होतील ते मांडीचे आणि पोटरीचे स्नायू, आणि ज्या माणसाचा तोल आधीच जातोय त्याला आज त्याच स्नायूंचा आधार आहे. या वयात असं मनाने प्रोटीन सोडून महिनाभरात खंगलेले लोक मी पाहिलेत, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतेय. किडनीच्या डॉक्टरांनी काही पथ्य दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तसं तू काही लिहिलेलं नाहीस.

आता हे प्रोटीन आहे तरी काय. आपल्या बोन मॅरोत काही पेशी अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रोटीन, बनवतात, लाखो पेशी आणि प्रत्येकीची अँटिबॉडी जरा वेगळी, त्यामुळे इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे रक्तातली प्रोटीन वेगवेगळी करून दाखवणाऱ्या टेस्टच्या, कागदावर तिथे एक पसरट टेकाड दिसतं. त्यातली एखादीच पेशी स्वतःच्या कॉप्या काढत सुटली की सगळ्या कॉप्या एकच अँटिबॉडी बनवतात आणि त्या टेकाडातून एक अरुंद टोकदार सुळका वर येतो. तो सुळका म्हणजे तुमचा एम बँड. अशा अँटिबॉडीला दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात, आयजीएम हे जड साखळीचं नाव, कप्पा हे हलक्या साखळीचं. एवढाच त्या भीतीदायक ओळीचा अर्थ आहे.

कॅन्सर का, तर तू लिहिलेल्या आकड्यांवरून तरी हा मायलोमा, म्हणजे मॅरोतल्या या पेशींचा कॅन्सर, दिसत नाही. एम प्रोटीन 3 ग्रॅमच्या खाली, मॅरोत त्या पेशी 10 टक्क्यांच्या खाली, आणि रक्त, किडनी, कॅल्शियम, हाडं शाबूत असतील तर त्याला एमजीयूएस म्हणतात. हे नाव 1978 साली मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी दिलं, मोनोक्लोनल गॅमोपथी ऑफ अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स, म्हणजे अर्थ अजून ठरलेला नाही असा एम बँड. आणि हा दुर्मिळ अजिबात नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या दर 100 माणसांत साधारण 3 जणांच्या रक्तात तो सापडला, सत्तरी ओलांडलेल्यांत 5 जणांच्या. पुढे त्याचा मायलोमा किंवा तशा प्रकारचा आजार होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण 1 टक्का, म्हणजे बहुतेक लोक आयुष्यभर एम बँड घेऊन जगतात आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातात. त्यातून तुझ्या बाबांचा आयजीएम. तो क्वचित पुढे सरकलाच तर सहसा मायलोमाकडे जात नाही, वाल्डनस्ट्रॉम नावाच्या संथ लिम्फोमाकडे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या हळू वाढणाऱ्या कॅन्सरकडे, जातो. म्हणजे भावाने जो शब्द वाचून घर डोक्यावर घेतलं तो तुमच्या घरचा नाहीच बहुधा.

पण इथेच हुश्श करून फाईल कपाटात टाकू नका, कारण खरा प्रश्न वेगळा आहे. हा एम बँड नर्व्हला इजा करतोय, की बिचारा नुसता त्याच वेळी तिथे हजर आहे? दोन्ही शक्य आहे. सत्तरीत 100 पैकी 5 जणांकडे एम बँड, आणि पाय बधिर होणं तर त्याहून कितीतरी जास्त लोकांना, मग कित्येकांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने एकत्र येणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की एम बँड दिसला म्हणून तोच गुन्हेगार समजून केमो द्यायची नाही, आणि वय झालं म्हणून त्याच्याकडे काणाडोळाही करायचा नाही. आधी चौकशी करायची, आणि ती करता येते.

चौकशीत पहिला प्रश्न अँटिबॉडी कुठल्या जातीची. आयजीजी असेल तर योगायोगाची शक्यता बरीच, आयजीएम असेल तर संशय वाढतो, कारण न्यूरोपथीशी, म्हणजे नर्व्हच्या इजेशी, सगळ्यात घट्ट नातं आयजीएमचंच आहे. नर्व्हच्या तंतूभोवती मायलिनचे थरांवर थर गुंडाळलेले असतात, आणि त्यात मॅग नावाचं एक प्रोटीन असतं, मायलिन असोसिएटेड ग्लायकोप्रोटीन. आयजीएम एम बँड आणि न्यूरोपथी असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांत ती अँटिबॉडी नेमकी या मॅगलाच जाऊन चिकटते आणि मायलिनचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. हे पहिल्यांदा 1980 च्या सुमारास नॉर्मन लॅटोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. याची टेस्ट असते, अँटी मॅग अँटिबॉडी. ती सांगितली आहे का ते न्यूरॉलॉजिस्टना विचार, सांगितली नसेल तर या तीन आठवड्यांतच करून घेता येईल का हेही विचार, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टसमोर जाताना रिपोर्ट हातात असेल. फक्त एक लक्षात ठेव, टायटर, म्हणजे त्या अँटिबॉडीच्या प्रमाणाचा आकडा, बऱ्यापैकी जास्त आला तरच त्याला अर्थ, अगदी थोडा वर आलेला आकडा कुणाच्याही रक्तात येऊ शकतो.

तू लिहिलेलं चित्र मला तरी अँटी मॅगसारखंच वाटलं, साठी सत्तरीतला पुरुष, आयजीएम कप्पा, दोन वर्षं हळूहळू वाढत गेलेलं, दुखणं कमी आणि बधिरपणा जास्त, हात थरथरणं. पत्रावरून निदान करत नाही मी, पण एक गोष्ट तू घरीच बघ. सकाळी बाबा बेसिनपाशी तोंड धुतात तेव्हा जवळ उभी राहा. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटतात त्या क्षणी ते पुढे झुकतात का, पोट किंवा कोपर बेसिनला टेकवून उभे राहतात का? आपण सरळ उभे राहतो ते तळपायाकडून सतत येणाऱ्या खबरीवर. ती खबर बंद झाली की माणूस डोळ्यांनी काम भागवतो, आणि डोळे मिटले की संपलं. अंधारात तोल जातो तोही यामुळेच. डॉक्टर पाय जुळवून डोळे मिटायला लावतात ते हेच तपासायला, आणि अंगठ्यावर कंपनाचा चिमटा ठेवून विचारतात जाणवतंय का, तर अशा पेशंटला तो नुसता थंडगार टेकलेला कळतो, थरथर कळत नाही. घरातल्या घरात चप्पल पायातून कधी निसटली ते मागे वळून बघेपर्यंत कळत नाही, हेही तसंच.

नर्व्हच्या टेस्टचा रिपोर्ट काढून त्यात डिस्टल लेटन्सी हा शब्द शोध. अँटी मॅगमध्ये नर्व्हच्या अगदी टोकाकडचा वेग बाकीच्या नर्व्हच्या मानाने खूपच मंदावलेला असतो, ही त्याची जवळजवळ सहीच. डिमायलिनेटिंग लिहिलंय म्हणजे मायलिनचा त्रास आहे, नुसती ॲक्सोनल, म्हणजे आतल्या तंतूचीच इजा, असती तर एम बँड निर्दोष असण्याची शक्यता आणखी वाढली असती.

आता ज्यासाठी मी हे पत्र बाकीच्या पत्रांआधी उत्तराला घेतलं ते लिहिते. माझ्या सासऱ्यांना आधी दोन्ही मनगटांत कार्पल टनेल झालं, दोन्ही हातांचं ऑपरेशन झालं. मग पायांची आग सुरू झाली, इतकी की रात्री चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही, पाय बाहेर काढून झोपायचे. मग उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी. बीपीची गोळी 15 वर्षं चालू होती ती बंद करावी लागली आणि आम्ही सगळे खूश, म्हटलं चला बीपी बरं झालं. पोट कधी सुटायचं तर कधी चार दिवस गच्च. वजन उतरत गेलं. प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा, फाईल वेगळी, आणि मी घरात डॉक्टर असून मला त्या फायली शेजारी शेजारी ठेवायचं सुचलं नाही. एक दिवस ते जांभई देत होते आणि मला जिभेच्या कडेला दातांचे वण दिसले, जीभ जाड झाली होती. तेव्हा फ्री लाइट चेन, म्हणजे रक्तातल्या सुट्या हलक्या साखळ्या, तपासल्या, लॅम्डा (कप्पाखेरीजची दुसरी हलकी साखळी) वाढलेला. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये तर काहीच दिसलं नव्हतं. पोटाच्या चरबीचा तुकडा काढून काँगो रेडने रंगवला तर अमायलॉइड. तोपर्यंत हृदयाच्या भिंती जाड झालेल्या होत्या. अजूनही कुणी सहज म्हणालं की आताशा बीपीची गोळी लागत नाही, तर माझ्या पोटात गोळा येतो.

एएल अमायलॉइडोसिस म्हणतात याला. अँटिबॉडीच्या हलक्या साखळ्या चुकीच्या घडीत दुमडतात आणि नर्व्ह, हृदय, किडनी सगळीकडे साठत जातात. तुझ्या बाबांचं चित्र याच्याशी जुळत नाही, तरी हे एकदा डोळ्यांखालून घालून ठेव: पायांची आग किंवा भयंकर दुखणं, उठल्यावर चक्कर, कारण नसताना घटलेलं वजन, फेसाळ लघवी, पायांवर सूज, चालल्यावर दम, डोळ्यांभोवती उगाच आलेले काळेनिळे डाग. यातलं काहीही असेल तर तीन आठवडे थांबायचं नाही, फोन करून तारीख अलीकडे घ्यायची. यावर आता चांगली औषधं आहेत, डॅराट्युमुमॅब हे औषध 2021 मध्ये त्यासाठी मंजूर झालं, पण सगळं वेळेवर कळण्यावर आहे. आणि अमायलॉइड सापडलंच तर ते कुठल्या प्रोटीनचं आहे हे तपासून घ्यायलाच हवं, कारण म्हाताऱ्या माणसांत ट्रान्सथायरेटिन नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनचं अमायलॉइड असतं आणि शेजारी एम बँड नुसताच असतो, अशा माणसाला केमो दिली तर ती सगळी वाया.

दुसरा एक छुपा आजार पोएम्स. यातही एम बँड इतका बारीक असतो की सहज निसटतो, बहुतेक वेळा लॅम्डाच असतो, पायांची ताकद महिन्यांत झपाट्याने जाते, अंगावर सूज, त्वचा काळवंडते. सुरुवातीला याला सीआयडीपी, म्हणजे प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते तो वेगळा आजार, समजून महिनोन्महिने भलतीच ट्रीटमेंट चालते. रक्तातलं व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन तपासलं की सुगावा लागतो. तुमच्याकडे कप्पा आहे, त्यामुळे मी यात जास्त शिरत नाही.

हे सांगायचं कारण एवढंच की एम बँड लहान आहे यावरून नर्व्हला धोका लहान असं ठरत नाही. 0.6 असो की 2, ती अँटिबॉडी कशाला चिकटते यावर सगळं आहे.

हिमॅटॉलॉजिस्ट काय करतील, तर इम्युनोफिक्सेशन (एम बँडची जात ओळखायची टेस्ट) झालं नसेल तर ते, सीरम फ्री लाइट चेन, सीबीसी, क्रिएटिनिन, कॅल्शियम, लघवीची इम्युनोफिक्सेशन. लघवीबद्दल एक अडाखा लोकांचा चुकतो, साधी पट्टी बुडवून करतात ती टेस्ट प्रोटीन निल दाखवते म्हणून सगळे निश्चिंत होतात, पण ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिला दिसतच नाहीत. हेन्री बेन्स जोन्स यांनी 1840 च्या दशकात लघवीतलं हे प्रोटीन ओळखलं, अजूनही त्यांच्या नावानेच ते ओळखतात आणि अजूनही पट्टीला ते सापडत नाही. बोन मॅरो करायची का ते डॉक्टर ठरवतील, आयजीएम आणि सोबत न्यूरोपथी असताना बरेचदा करतात, ऐकून घाबरून जाऊ नका.

आणि केमो. समजा अँटी मॅग पॉझिटिव्ह आली तरी ट्रीटमेंट लगेच सुरू होईलच असं नाही. हा आजार बहुतेकांत अतिशय संथ असतो, वर्षानुवर्षं चालता येतं. नुसती बधिरता असेल आणि रोजची कामं होत असतील तर बरेच डॉक्टर थांबून लक्ष ठेवतात, आणि मला ते पटतं. तोल जाऊन पडणं सुरू झालं, हातांनी बटण लागेना, चालणं महिन्यागणिक घटायला लागलं तर रिटुक्सिमॅबचा विचार होतो. ते सलाइनमधून देतात, बरेचदा आठवड्याला एक असे चार डोस. ऐकून बरं वाटेल असं सांगायचं तर साधारण तीनातल्या एकाला ते निम्म्या लोकांपर्यंत फायदा होतो, पण तो सावकाश, काही महिन्यांनी दिसतो, आणि काहींचं आधी थोडं बिघडतंही. ट्रायल्सचे निकाल एकसारखे आलेले नाहीत, म्हणून कुणी हमी देत असेल तर मला शंका येईल. हे द्यायच्या आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीच पाहिजे, जुना दबलेला व्हायरस यात उसळून लिव्हर खराब करू शकतो, आणि कुठल्या लसी घ्यायच्या राहिल्यात तेही आधीच विचारून घ्या. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडी) किंवा स्टेरॉइडचा अँटी मॅगमध्ये टिकाऊ उपयोग सहसा होत नाही, सीआयडीपीत होतो, म्हणून आधी नाव नक्की व्हायला हवं.

पाय पहिल्यासारखे होतील का, याचं खरं उत्तर पूर्णपणे बहुधा नाही. दोन वर्षांची इजा आहे, बाबांना खोटी आशा देऊ नकोस. वाढ थांबणं, तोल थोडा सुधारणं, हे मागण्यासारखं आहे आणि मिळण्यासारखं पण आहे.

आता तीन आठवड्यांत काय करायचं. एक वही कर. घरात सरळ 10 मीटर मोजून खूण कर आणि बाबांना नेहमीच्या चालीने चालायला लावून सेकंद लिही, महिन्यातून एकदा, तेच पायताण, तीच जागा, आणि मोबाइलवर व्हिडिओ. ट्रीटमेंट द्यायची की थांबायचं हे डॉक्टर याच वेगावरून ठरवतात, आणि सहा महिन्यांपूर्वी कसं होतं हे कुणालाच नीट आठवत नसतं. सगळ्या जुन्या फायली एकाच फोल्डरमध्ये लाव, तारखेप्रमाणे, मनगटाची, पोटाची, हृदयाची, सगळी.

औषधांच्या डब्यात बघ, नर्व्हची ताकदीची म्हणून काही गोळ्या चालू आहेत का. त्यात बी6, म्हणजे पायरिडॉक्सिन, किती आहे ते वाच, दोन तीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर बेरीज कर. बी6 जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर तेच नर्व्ह खराब करतं, पाय बधिर करतं, आणि लोक बधिरपणा वाढला म्हणून आणखी एक गोळी घेतात. प्रेगाबालिन, गाबापेंटिन चालू असेल तर विचार की कशासाठी, ती दुखण्यावर चालते, बधिरपणावर नाही, आणि या वयात गुंगी येऊन पडायचं निमित्त होते. अर्थात मनाने बंद करू नका, हळूहळू सोडवावी लागते.

फिजिओथेरपी आजपासून सुरू करायला कुणाच्याही रिपोर्टची वाट बघायची गरज नाही, तोल सांभाळायचे व्यायाम शिकवणारा कुणी मिळाला तर उत्तमच. मागे पट्टा असलेलं पायताण दे. गरम पाण्याची पिशवी तळपायाला लावायची नाही, भाजलेलं त्यांना कळणार नाही. रोज रात्री तळपाय तू स्वतः बघ, जखम असली तरी ते सांगू शकणार नाहीत. गाडी चालवत असतील तर थांबवा, ब्रेकवर पाय नक्की किती दाबलाय ते कळत नसताना रस्त्यावर उतरायचं नाही, यावरून घरात भांडण होईल, होऊ दे.

भावाला हे पत्र वाचायला दे, आणि बाबांनाही. त्यांच्यापासून लपवू नका, ते घाबरून जेवण सोडून बसलेत ते काही माहीत नसल्यामुळेच.

आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत आज रात्रीच दिवा लाव, रात्रभर चालू राहील असा. अँटी मॅगचा रिपोर्ट आला की मला परत लिही, आकड्यासकट.